प्लग लावलेला होता, दादा

तुझ्या महिन्याच्या मिस्सेला मी रडले नाही, दादा. लोकांना वाटलं, मर्सी खंबीर आहे. खंबीर कसली डोंबलाची! फादर वेदीवर तुझ्या आत्म्याला शांती मागत होते आणि मी तिसऱ्या बाकावर बसून मनातल्या मनात वायरी जोडत होते. कुठली वायर कुठे जाणार, कुठला डबा आधी चालू करायचा. शांती तुला मिळेल तेव्हा मिळेल, मला आधी उट्टं काढायचं होतं.

हे ठरलं तुझ्या मयताच्या दिवशीच. दफनभूमीतून परत आलो, अंगणात चहा फिरत होता. आपला चुलतभाऊ व्हिक्टर माझ्या शेजारी येऊन बसला, त्याने रुमालाने डोळे पुसले आणि पुसता पुसताच हसून म्हणाला, "मर्सी, प्लग लावलास का?" झालं, सगळं अंगण हसलं. तुला मातीत ठेवून तास झाला नव्हता आणि तुझा विनोद आमच्यात बसून चहा पीत होता. मीही हसले. तीस वर्षं हसतेय, सवय झाली आहे. पण कप खाली ठेवताना मी स्वतःला सांगितलं की आता बास.

तुझी गोष्ट सगळ्या गिरीज गावाला पाठ आहे. मर्सी कॉम्प्युटरसमोर बसते, मुंबईचा साहेब तिकडे वाट बघत बसतो, मर्सी अर्धा तास बटणं बडवते, फोनमधून मांजर भाजल्यासारखा आवाज काढते, आणि शेवटी बघतो तर काय, भिंतीत प्लगच लावलेला नाही. मग तू तो आवाज काढून दाखवायचास. लग्नात दाखवलास, बारशाच्या जेवणात दाखवलास, चिंचोटीच्या धबधब्याखाली भिजत उभा राहून दाखवलास. मला बघायला आलेल्या मंडळींसमोरसुद्धा दाखवलास. ती मंडळी परत आली नाहीत, त्याचं मला फारसं दुःख नाही. मुलगा बावळटच होता. पण ती गोष्ट खोटी होती. आणि खोटी आहे हे सांगायला मी तोंड उघडलं की लोक आणखी हसायचे.

म्हणून आज माझ्या तोंडून ऐक. तुला मध्येच बोलता येणार नाही, एवढं तरी बरं झालं.

तू आखातातून परत आलास तेव्हा इतरांचे भाऊ अत्तरं आणि घड्याळं आणत होते. तू कॉम्प्युटर आणलास. कॉम्प्युटर म्हणजे एक जाडजूड कीबोर्ड, सगळं यंत्र त्याच्याच पोटात. पडद्याच्या जागी आपला टीव्ही जोडायचा आणि लिहिलेलं साठवायचं गाण्याच्या कॅसेटवर. आणलास स्वतःसाठी. आठवडाभर दोन बोटांनी टुकटुक केलंस आणि एका सकाळी उचलून माझ्या शिलाई मशीनवर आणून ठेवलास. "बाय, हे तुझ्या बोटांचं काम आहे," म्हणालास. मी तेव्हा मुंबईच्या ऑफिसातली टायपिस्टची नोकरी सहा महिन्यांत सोडून घरी बसले होते, कारण आईला अर्धांगाचा झटका आला होता आणि तिला सोडून दिवसभर बाहेर राहणं शक्य नव्हतं. मी दिवसभर तिच्या खोलीत काय करत होते, हे घरात फक्त तू बघितलं होतंस. हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर तुझ्यावर रागावणं किती सोपं झालं असतं!

मोडेमची कल्पनाही तुझीच. माझ्या जुन्या साहेबांकडे परदेशी ऑफिसशी बोलायला तो होता. पुस्तकाएवढा चपटा डबा, अक्षरांची शिट्टी करून फोनच्या तारेतून पाठवणारा. पलीकडचा डबा त्या शिट्टीची परत अक्षरं करतो. तू साहेबांना फोन करून माझं काम त्यांच्या गळ्यात मारलंस. मर्सी घरी बसून टाईप करील आणि फोनवरून पाठवील, वसईतून. साहेब हसले, पण एक संधी द्यायला तयार झाले. शनिवारी अर्धा दिवस ऑफिस असतं, एका शनिवारी बाराच्या आत दहा पानं पाठवून दाखव. पोहोचली तर पुढचं सगळं काम तुझं. डबा तू आखातातल्या मित्राकडून मागवलास आणि दोन दिवस तुळयांवर चढून बाहेरच्या खोलीतल्या फोनपासून आईच्या खोलीपर्यंत तार ओढलीस. खाली उतरलास तेव्हा तुझ्या केसांत कोळ्याची जाळी होती आणि आई कितीतरी दिवसांनी अर्ध्या तोंडाने हसली.

एका तारेवर दोन यंत्रं. आईच्या खोलीत माझा मोडेम, बाहेरच्या खोलीत फोन. मोडेम बोलत असताना बाहेर कुणी रिसीव्हर उचलला की संपलं, शिट्टी तुटणार. आणि आपल्या घरात तर रिसीव्हर उचलायची रीतच होती. आळीत फोन एकट्या आपल्याकडे. सगळ्यांच्या पोरांचे बोटीवरून, आखातातून फोन आपल्याच घरी यायचे. त्यात जरा वारा सुटला की केळीच्या वाडीतली तार तुटून फोन मेलेला असायचा. त्यामुळे घरातला प्रत्येक माणूस येता-जाता रिसीव्हर उचलून कानाला लावायचा आणि आत घरघर ऐकू आली की ठेवून द्यायचा. बाबा, तू, मी, पाणी प्यायला आलेली शेजारीणसुद्धा. देवाला हात जोडावा तसं ते अंगवळणी पडलं होतं.

हे मला ठाऊक होतं म्हणून मी आदल्या दिवशी घरभर बजावलं होतं, साडेअकरापासून बारापर्यंत फोनला कुणी हात लावायचा नाही. आणि पहाऱ्यावर तुला बसवलं होतं, दादा. खुर्ची फोनला टेकवून. तू छातीवर हात ठेवून म्हणालास की माशीलासुद्धा बसू देणार नाही.

प्लग लावलेला होता. मोडेमचा लाल दिवा लागला, पलीकडच्याने शिट्टीला शिट्टी दिली, आणि माझी अक्षरं जायला लागली. सावकाश, एकामागून एक, पागोळ्या गळाव्यात तशी. एक पान गेलं. दुसरं गेलं. तिसरं गेलं. आई पलंगावरून टीव्हीकडे बघत होती. चौथ्या पानाच्या मध्यावर पडद्यावर कचरा उमटला, नुसत्या फुल्या आणि कंस, आणि लाईन तुटली. मी परत नंबर फिरवला, तिकडे एंगेज. परत फिरवला, एंगेज. लागला तेव्हा साहेब निघून गेले होते. सोमवारी त्यांनी फार सभ्यपणे सांगितलं की हे काम इथल्याच एका मुलीला दिलंय.

पण सोमवार नंतरचा. त्या शनिवारी मी खोलीतून बाहेर आले तेव्हा दारात बाबा, आळीतली चार माणसं आणि तू. मी तोंड उघडायच्या आत तू मोठ्याने म्हणालास, "मर्सी, प्लग लावलास का?" सगळे खो खो हसले. तीन पानं प्लगशिवाय गेली होती का रे? पण हे विचारणारं शहाणं माणूस त्या दारात एकही नव्हतं.

मी तुला एकट्याला गाठून विचारलं, फोन तू उचललास ना? तू म्हणालास, मी हात लावला नाही. मी तुझा हात धरून भिंतीवरच्या क्रुसावर ठेवला. तरी तेच, मी हात लावला नाही. मग कुणी लावला, पहाऱ्यावर तर तू होतास! त्यावर तू डोळा मारून प्लगचं काढलंस. तीस वर्षं हा एवढाच संवाद. आई गेली तेव्हा विचारलं, बाबा गेले तेव्हा विचारलं. मी कॉम्प्युटरचा क्लास काढला, त्याची टेबलं तू स्वतःच्या खांद्यावरून दुसऱ्या मजल्यावर चढवलीस. घाम पुसत होतास तेव्हाही विचारलं. गेल्या महिन्यात दवाखान्यात शेवटचं विचारलं. तू तोंडावरचा मास्क बाजूला केलास, "बाय, प्लग..." म्हणालास, हसायला गेलास आणि खोकलास. मग डोळे मिटून म्हणालास, "नंतर सांगतो." संध्याकाळी तू नव्हतास. असं कुणी जातं का, दादा? कुणाला नंतर सांगतो म्हणून?

तर मयताच्या दुसऱ्याच दिवशी मी तुझ्या घरी, म्हणजे आपल्या जुन्या घरीच, माळ्यावर चढले. वहिनी खालून शिडी धरून उभी होती, बिचारी, काही न विचारता. मशीन जुन्या चादरीत गुंडाळलेलं सापडलं, कॅसेटींसकट. मी ते वसईच्या बाजारात टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं. त्याने आतले दोन फुगलेले कपॅसिटर बदलले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की काकी, हे संग्रहालयात द्या. कीबोर्डची बटणं मी एकेक काढून स्पिरिटने पुसली. सूड घ्यायचा तर स्वच्छ हातांनी, नाही का?

मोडेमचा पुठ्ठ्याचा डबा सगळ्यात शेवटी उघडला. आत मोडेमखाली कागदात गुंडाळलेली लाकडाची पट्टी होती, तळहाताएवढी. तिच्यावर दिव्याचं असतं तसं बटण, मागून टेलिफोनची तार. बटणाच्या वरच्या बाजूला बॉलपेनने तुझ्या गिचमिड अक्षरात लिहिलेलं, 'घर'. खालच्या बाजूला, 'मर्सी'. बटण माझ्या नावाकडे केलं की बाहेरच्या खोलीतला फोन तुटतो, कुणी कितीही उचलला तरी माझी लाईन तुटत नाही. म्हणजे काय झालं होतं हे तुला पक्कं ठाऊक होतं! त्यावर उपाय करून, पट्टी तासून, नावं घालून तू ती डब्यात दडवलीस, आणि दुसऱ्या हाताने माझ्यावर सगळा गाव हसवलास. मी माळ्याखाली जमिनीवर बसून तुला ज्या शिव्या दिल्या त्या आईने ऐकल्या असत्या तर तिचा बरा हात उठला असता. माझी खात्री झाली. फोन तूच उचललास आणि क्रुसावर हात ठेवून खोटं बोललास.

मग मी दातओठ खाऊन कामाला लागले. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले लाईनमन म्हात्रेकाका म्हणाले, तांब्याची तार रस्त्यातून कधीच काढली, आता असली शिट्टी बाहेर जाणार नाही. पण त्यांच्याकडे एका बंद पडलेल्या ऑफिसातला इंटरकॉमचा डबा होता, घरातल्या घरात दोन फोन जोडणारा. एका बाजूला तुझं मशीन आणि त्याच तारेवर बाहेरच्या खोलीतला जुना फोन, अगदी तेव्हासारखा. दुसऱ्या बाजूला जुन्या बाजारातून आणलेला दुसरा मोडेम आणि माझा लॅपटॉप. पहिल्या दिवशी मशीन अडून बसलं. इंटरकॉमची घरघर वेगळी, त्याला ओळखीची वाटेना. शेवटी मी त्याला हुकूम दिला की घरघर ऐकायची वाट बघू नकोस, सरळ नंबर फिरव. तेव्हा ती शिट्टी परत आली. दादा, नुसता तो आवाज ऐकायला मी नंबर आणखी दोनदा फिरवला.

बेत असा होता. महिन्याच्या मिस्सेनंतर सगळे तुझ्या घरी जेवायला येणार. बाहेरच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप. आईच्या खोलीतून मी तीच दहा पानं पाठवायची, तुझ्या कॅसेटवर ती अजून शाबूत होती. अक्षरं येताना सगळ्यांना दिसली पाहिजेत. तुझी पट्टी मुद्दाम जोडायची नाही. आणि सगळ्यांना नुसतं सांगून ठेवायचं की घरचा जुना फोन चालू झालाय. बाकीचं काम या घराची सवय करील. व्हिक्टर नक्की उचलणार, मला खात्री होती. लाईन तुटली की पट्टी सगळ्यांपुढे धरायची, तुझं अक्षर दाखवायचं आणि म्हणायचं, बघा, हा तुमचा विनोद. तू गेल्यावर का होईना, तुझ्याच टेबलावर तुला खोटा पाडायचा.

पहिलं पान गेलं. बाहेरून वाहवा ऐकू आली. दुसरं गेलं. तिसऱ्यावर मी श्वास रोखला. चौथ्याच्या मध्यावर पडद्यावर फुल्या आणि कंस. मी पट्टी पदराखाली घेऊन बाहेर धावले.

फोनपाशी वहिनी उभी होती. डाव्या हातात तळलेल्या गोड फुग्यांची परात, उजव्या हातात कानाला लावलेला रिसीव्हर. बाकीचे लॅपटॉपभोवती, काय बिघडलं म्हणून एकमेकांना विचारत होते. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती अगदी हळू बोलली.

"मर्सी, ही शिट्टी मी ऐकली आहे."

मला आठवतच नव्हतं रे. त्या शनिवारी तिच्या लग्नाला जेमतेम आठ-दहा दिवस झाले होते आणि ती पहिल्यांदा माहेरी जाऊन त्याच सकाळी परत आली होती. मी घरभर बजावलं तेव्हा ती घरात नव्हती. ती सांगत गेली, तसंच परात सावरत. तू खिडकीतून तिला येताना पाहिलंस, खुर्ची सोडून धावलास, तिची पिशवी घेऊन मागच्या दाराने आत गेलास. ती पुढच्या दाराने आली. आणि तूच तिला पहिल्या दिवशी शिकवलेलं, या घरात येता-जाता फोन उचलून बघायचा. तिने उचलला, कानात शिट्टी घुसली, तिने घाबरून ठेवला. तुला सांगितलं. तू म्हणालास लाईन खराब आहे, कुणाकडे बोलू नकोस.

"म्हणजे तुझं ते काम..." एवढं म्हणून ती थांबली. रिसीव्हर तसाच कानाला.

तू हात लावला नव्हतास. क्रुसावर खरं बोलला होतास. आठ दिवसांची नवरी बाबांच्या आणि माझ्या तावडीत सापडू नये म्हणून तू मला सगळ्यांपुढे वेडी ठरवलीस. आणि बरोबर ओळखलं होतंस मला! मी तिला जन्मभर सोडलं नसतं. ती आणि मी नऊ वर्षं आईला कुशीवर वळवत होतो, एक खांद्याला, एक कमरेला. मला कळलं असतं तर मी तिचा हात आईला लागू दिला नसता, आणि मी एकटीने आईला किती दिवस ओढलं असतं? तेवढ्यासाठी तुझे आभार मानायला हवेत. मानत नाही. मला एकदा तरी विश्वासात घ्यायचं होतंस. म्हातारी झाल्यावर तरी.

तेवढ्यात टेबलापाशी व्हिक्टर वळला. आलंच त्याच्या तोंडात. "मर्सी, प्लग लावलास का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वहिनीसुद्धा. तिच्या अंगावर काळी साडी, महिन्याची विधवा. माझ्या पदराखाली तुझी पट्टी. तीस वर्षं ज्या घटकेची वाट पाहिली ती समोर उभी, आणि त्या घटकेत तू नव्हतासच, तू तिला पुढे करून मागच्या दाराने गेला होतास. परत.

"राहिला रे," मी म्हणाले. "तेव्हाही राहिला होता, आजही राहिला."

खोली हसली. व्हिक्टर तर टेबलावर डोकं ठेवून हसला आणि हसता हसता रडायला लागला. वहिनी हसली नाही. तिने रिसीव्हर जागेवर ठेवला आणि फुगे वाढायला लागली.

पाहुणे गेल्यावर ती आपणहून आईच्या खोलीत आली. मोडेमचा लाल दिवा अजून चालू होता. ती दिव्याकडून तारेमागे तारेमागे बघत भिंतीतल्या प्लगपर्यंत पोहोचली. मी पट्टी काढून तिच्या हातात दिली. तिने दोन्ही बाजूंचं तुझं अक्षर वाचलं. मग मी ती तारेत जोडली आणि बटण तिलाच दाबायला सांगितलं. तिने ते माझ्या नावाकडे केलं आणि आईच्या पलंगावर हात मांडीत घेऊन बसली, श्वाससुद्धा जपून घेत. दहाच्या दहा पानं गेली. मध्ये तिने एकदाच विचारलं, "पोहोचतात ना?" मी म्हटलं, पोहोचतात.

माझा सूड तू खाल्लास, दादा, तोंडावर मास्क असताना खाल्लास. पण तिथे वर माझ्याशी गाठ आहे. मी आल्यावर पहिला प्रश्न तोच विचारणार, फोन कुणी उचलला, आणि तिथे मागचं दार असलंच तर त्याच्यापुढे मी खुर्ची टाकून बसणार. तोवर तुझा विनोद मी चालू ठेवते, तिच्यासाठी. तू मात्र एकदा तुझ्या तोंडाने म्हण. प्लग लावलेला होता.